संध्याकाळचा खेळ द्या, नाहीतर बोलावूच नका

चित्रपट महोत्सवाचं वेळापत्रक हाती आलं आणि त्यात एखादा जपानी ॲनिमेशनपट दिसला, की आपल्याकडे ठरलेला वाद ठरलेल्या चालीवर सुरू होतो. एक बाजू म्हणते, इथे कार्टूनचं काय काम, तेवढ्या वेळात एखादा इराणी नाहीतर मराठी चित्रपट बसला असता. दुसरी बाजू पुरस्कार तोंडावर फेकते: 2002 साली बर्लिनला हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ने गोल्डन बेअर नेलं, पुढच्या वर्षी ऑस्कर नेलं, आता तुम्ही कोण विचारणारे? पहिल्यांनी पडद्याकडे पाहिलेलं नसतं आणि दुसऱ्यांनी फक्त ट्रॉफीकडे पाहिलेलं असतं. आयोजक या दोघांचं मन राखायला जातात. चित्रपट घेतात, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नऊच्या खेळाला, सगळ्यांत लहान पडद्यावर, ‘बालप्रेक्षकांसाठी’ छापाच्या मथळ्याखाली लावून मोकळे होतात. माझं म्हणणं सरळ आहे. ॲनिमेशनमधलं गंभीर नाट्य महोत्सवाने मुख्य विभागात, संध्याकाळच्या खेळाला, मोठ्या पडद्यावर, मूळ जपानी आवाजात आणि मराठी उपशीर्षकांसह दाखवावं. एवढी तयारी नसेल तर ते बोलावूच नये. सकाळी नऊला, अर्ध्या उजेडात, श्रेयनामावली कापून दाखवलेला चित्रपट ‘बघा, यात काही दम नाही’ असं म्हणणाऱ्यांच्याच हाती पुरावा देतो.

मुलांचा मुद्दा आधीच बाजूला करू. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या महोत्सवांत प्रतिनिधी-पाससाठी अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात, कारण तिथले बरेचसे चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय, मंत्रालयाच्या सवलतीवर दाखवले जातात. म्हणजे ज्या सभागृहात मुलांना प्रवेशच नाही, तिथे लागलेल्या चित्रपटावर ‘हे मुलांचं’ म्हणून आक्षेप घ्यायचा! आणि महोत्सवाने खरोखरच बालविभाग केला, तर 1945 च्या कोबे शहरात उपासमारीने मरणाऱ्या दोन भावंडांची कथा त्यात लावायची का? दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा तो चित्रपट, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, 1988 साली जपानमध्ये ‘माय नेबर टोटोरो’ या निखळ आनंदी चित्रपटाबरोबर एकाच तिकिटावर दाखवला होता. चित्र हाताने काढलंय एवढ्यावरून वय ठरवण्याची चूक खुद्द जपानमध्येही झालेली आहे, त्यामुळे आपण फार लाजायला नको. पण तीच चूक पुढे चालू ठेवायलाही नको.

हा वाद हवेत होतो म्हणून तो वाईट होतो. एकच चित्रपट समोर धरू: सुनाओ काताबुची यांचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’, 2016, लांबी 129 मिनिटं. फुमियो कोनो यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर आधारलेला. हिरोशिमातली चित्रं काढण्याचा नाद असलेली सुझू 1944 साली, अठराव्या वर्षी, कुरे या नौदलाच्या बंदरगावी लग्न होऊन येते. पुढे दीड वर्ष ती रेशनच्या रांगा लावते, नणंदेचे टोमणे ऐकते, रानातला पाला शिजवते, किमोनो उसवून कामाचे कपडे शिवते. युद्ध या सगळ्याच्या कडेकडेने आत येत राहतं. या चित्रपटाला पैसा मिळेना, तेव्हा 2015 मध्ये लोकवर्गणी काढली आणि तीन हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे 3 कोटी 90 लाख येन दिले. पहिल्या आठवड्यात तो 63 चित्रपटगृहांत लागला. ‘किनेमा जुम्पो’ या जपानमधल्या सर्वांत जुन्या चित्रपट-नियतकालिकांपैकी एकाने 2016 च्या सगळ्या जपानी चित्रपटांत तो पहिल्या क्रमांकावर ठेवला. त्याआधी हा मान फक्त एकाच ॲनिमेशनपटाला मिळाला होता, तोही 1988 मध्ये. बर्लिनपेक्षा मला हा दाखला महत्त्वाचा वाटतो, कारण हा निर्णय देणारे लोक ॲनिमेशनचं कौतुक करायला बसले नव्हते. त्यांच्यापुढे वर्षभराचा सगळा जपानी सिनेमा होता.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, जो ते स्वतः क्वचितच नीट मांडतात. नाट्य माणसाच्या चेहऱ्यावर चालतं. ओठाचा कोपरा किंचित हलतो, डोळा चुकवला जातो, गळ्यात आवंढा येतो. हे सगळं नटाकडून फुकट मिळतं. ॲनिमेशनमध्ये काहीच फुकट नाही. आणि जपानी ॲनिमेशनची तर पायाभरणीच काटकसरीवर झाली. सेकंदाला 24 फ्रेम. डिस्नेच्या थाटात दर दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला 12. मांगाकार ओसामु तेझुकांनी 1963 मध्ये टीव्हीसाठी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू केला तेव्हा आठवड्याला एक भाग देण्यासाठी दर तीन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला 8, आणि तेही जमेल तिथे वाचवायचं: चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड तीन आकारांत हलवायचं, तीच धावण्याची चित्रं पुन्हा वापरायची, रागासाठी कपाळावर एक शीर काढायची. या सवयी आजही सुटलेल्या नाहीत. महोत्सवात येणाऱ्या जपानी चित्रपटांतही असे सांकेतिक चेहरे भरपूर असतात, आणि ते पाहून एखादा जुना सिनेरसिक उठून गेला तर मी त्याला दोष देणार नाही.

पण काटकसरीतून आलेली रीत म्हणजे त्या कलेची मर्यादा असं धरलं, तर मूकपटांचे ठळक हातवारे पाहून सिनेमाला अभिनय जमत नाही असंही म्हणावं लागेल. ताकाहातांनी 1991 च्या ‘ओन्ली यस्टर्डे’मध्ये नायिकेच्या मोठेपणाच्या भागासाठी नटांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि मग त्यांवरून चेहरे काढून घेतले. हसताना गालाच्या हाडावर जी घडी पडते ती रेषा सत्तावीस वर्षांच्या नायिकेच्या चेहऱ्यावर काढली. जपानी ॲनिमेशनमध्ये बाईच्या चेहऱ्यावर अशी रेषा काढणं म्हणजे तिचं वय वाढवणं, म्हणून ती टाळतात. त्याच चित्रपटातल्या बालपणाच्या दृश्यांत मात्र पार्श्वभूमी फिकट होत होत कागदाच्या कडेला विरून जाते, जेवढं आठवतं तेवढंच रंगवलेलं. एक चेहरा जास्त भरायचा आणि एक जग कमी भरायचं, हा निर्णय कॅमेऱ्याला इतक्या सहज घेता येत नाही. काताबुचींनी वेगळी वाट धरली. एका ठसठशीत मुद्रेतून दुसरीत झेप घेण्याऐवजी अगदी लहान अंतराच्या मधल्या चित्रांनी हालचाल घडवली. सुझू पाठीवर गाठोडं घेताना ते भिंतीला टेकवते, खाली बसते, गाठ बांधते, मग उठते. भाजी चिरणं, शिवणकाम, तांदूळ निवडणं, सगळं याच गतीने. मुद्रा साधी, डोळे ठिपक्यांएवढे. वजन मात्र खरं.

तांदळाचा एक प्रसंग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. रेशन कमी होतं तेव्हा सुझू ‘नान्को-मेशी’ करते: बिनसडीचा तांदूळ आधी भाजायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, मग नेहमीपेक्षा जास्त पाण्यात शिजवायचा. दाणा फुगतो, भांडं भरतं, घर खूश होतं. मग पहिला घास जातो आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. सगळी कृती पडद्यावर एखाद्या पाकसिद्धीच्या पानासारखी क्रमाने येते. एका बाजूला विनोद आणि दुसऱ्या बाजूला उपासमारीचं गणित, आणि दोन्ही एकाच भांड्यात. नटाला घेऊन हे करता आलं असतं का? आलं असतं. पण 1933 मधलं हिरोशिमाचं नाकाजिमा-होन्माची कुठून आणलं असतं? चित्रपटाच्या सुरुवातीला लहानगी सुझू ज्या बाजारपेठेत फिरते, ती अणुबॉम्बमध्ये गेली आणि आज शांतता-उद्यानाखाली आहे. काताबुचींच्या चमूने जुनी छायाचित्रं जमवली, वाचलेल्या रहिवाशांना गाठलं, दुकानांच्या पाट्या, खिडक्या, वळणं विचारून घेतली आणि ती गल्ली पुन्हा काढली. त्यातली किमोनोच्या दुकानाची एक इमारत आजही उद्यानात उभी आहे. या गल्लीत नाताळची गर्दी दाखवताना चित्रपट कुठेही थांबून ‘हे सगळं जाणार आहे’ असं सांगत नाही.

19 मार्च 1945 च्या कुरेवरच्या हल्ल्यात आकाशात विमानविरोधी तोफांचे रंगीत धूर फुटतात. सुझू शेतात उभी राहून ते पाहते आणि तिच्या मनात येतं, आत्ता रंग हवे होते; लगेच आकाशावर कुंचल्याचे फटकारे उमटू लागतात. सौंदर्य आणि धोका यांची ही गल्लत तिच्या जिवावर बेतू शकते, हे आपल्याला कळतं, तिला नाही. पुढे जूनमध्ये उशिरा फुटणाऱ्या बॉम्बमध्ये तिची भाची हारुमी जाते आणि ज्या हाताने तिला धरलं होतं तो सुझूचा उजवा हातही जातो. त्या क्षणी पडदा काळा होतो आणि त्यावर नुसत्या खरडलेल्या पांढऱ्या रेषा धडपडतात. मांगामध्ये कोनोंनी यानंतरच्या चौकटींच्या पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हाताने काढल्या, घरं-डोंगर सगळे वाकडे. जिने जग हाताने चितारलं, तिचा हात गेल्यावर जगाचीच रेषा बिघडते. ‘हेच नटांना घेऊन का केलं नाही’ हा प्रश्न इथे गळून पडतो. हे चित्रच असायला हवं होतं.

आपल्याला हे परकं वाटायचं तर काहीच कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी वीणा, टाळ आणि हुडूक घेऊन एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारताची आख्यानं लावत आले आहेत. तिथल्या सीतेच्या चेहऱ्यावर एकही भाव ‘हलत’ नाही. हलतो तो गाणाऱ्याचा आवाज, आणि ऐकणाऱ्याचा जीव. जपानी बुनराकूत तर तीन माणसं मिळून एक बाहुली चालवतात, प्रमुख चालकाचा चेहरा उघडा दिसत असतो, तरी प्रेक्षक बाहुलीसाठी रडतो. सिनेमाही आपल्याकडे या वाटेला लवकर गेला. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेक फ्रेम सरकवून नाचवल्या, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. ‘ही आपली परंपरा नाही’ असं म्हणणाऱ्याला कोणती परंपरा अभिप्रेत असते कोण जाणे.

दुसरा भक्कम आक्षेप मात्र चित्रकलेचा नाही, राजकारणाचा आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. युद्धावरचे जपानी चित्रपट, विशेषतः ॲनिमेशनमधले, आपल्या हालांवर रडतात आणि आपण कोरिया, चीन, आग्नेय आशियात काय केलं त्याबद्दल गप्प राहतात. कुरेच्या गोदीत ‘यामातो’ ही युद्धनौका बांधली गेली. सुझूचा नवरा नौदलाच्या लष्करी न्यायालयात कारकून आहे. घरातली चूल त्याच पगारावर पेटते. मग प्रेक्षकाने तिच्या चुलीसाठी हळहळावं हे कितपत रास्त? आक्षेप खरा आहे, आणि काताबुचींवर तो जपानमध्येही झाला, कारण 15 ऑगस्ट 1945 च्या, जपानच्या शरणागतीच्या प्रसंगात मूळ मांगामधलं जास्त थेट वाक्य त्यांनी बदललं. पण काय केलं ते नीट पाहू. सम्राटाचं भाषण रेडिओवर संपल्यावर सुझू संतापाने शेतात धावते. दूर खालच्या वस्तीत एक झेंडा वर चढतो. तो कोरियाचा आहे, आणि पडद्यावर तो जेमतेम काही सेकंद असतो. मग सुझू म्हणते की समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाने, सोयाबीनने आपलं शरीर घडलंय. बस, एवढंच. ज्या स्वयंपाकघरावर आपण दीड तास जीव लावला, ते कोणाच्या तोंडच्या घासावर चाललं होतं याचा हिशेब तिथे एका वाक्यात मांडला जातो, आणि नान्को-मेशीचा विनोद मागे जाऊन कडू होतो. हे पुरेसं आहे का? माझ्या मते थोडं कमीच आहे. पण ‘गप्प राहतात’ हे म्हणणं इथे टिकत नाही. उलट, महोत्सवातल्या चर्चेसाठी याहून चांगला विषय कुठला असणार? आणि ही चर्चा सकाळी नऊच्या खेळानंतर रिकाम्या खुर्च्यांशी करायची का?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: ॲनिमेला आता महोत्सवाची गरजच काय? 2019 मध्ये दिग्दर्शक माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात चाहत्यांच्या मागणीमुळे लागला, 2023 मध्ये ‘सुझुमे’ लागला, 2025 मध्ये ‘डेमन स्लेअर’साठी पहाटेच्या खेळांना तरुणांची झुंबड उडाली. ज्याला बाजारात वाट आहे त्याला महोत्सवाने दार का उघडावं? इथे मी निम्मं मान्य करतो. मालिकांच्या पुढच्या भागांना महोत्सवात जागा देऊ नये. ते मल्टिप्लेक्समध्ये सुखाने चालतात. पण त्या गर्दीचा ‘इन धिस कॉर्नर’सारख्या चित्रपटाला काडीचा उपयोग होत नाही. त्यात तलवार नाही, चाहत्यांची फौज नाही, नायिका तांदूळ भाजते. वितरक त्याला ‘ॲनिमे’ म्हणून घ्यायला घाबरतो आणि कलात्मक चित्रपटांचे रसिक ‘ॲनिमे’ म्हणून टाळतात. दोन स्टुलांच्या मध्ये पडणाऱ्या अशाच चित्रपटांसाठी महोत्सव असतात. मराठी चित्रपटाची जागा जाते म्हणणाऱ्यांनी एकदा गणित करून पाहावं: सात दिवस, पाच पडदे, रोज पाच खेळ, म्हणजे 175 खेळ. त्यातला एक.

आणि आज ज्याला हसतात त्याला उद्या काय म्हणतील हे आपण एकदा पाहिलेलं आहे. जपानच्या युगो साको यांनी रामायणावर ॲनिमेशनपट करायचा ठरवला तेव्हा परकीयांनी रामायणाला हात लावू नये असा निषेध इथून झाला, आणि कार्टूनसाठी विषय फार नाजूक म्हणून सरकारी सहकार्यही मिळालं नाही. राम देव आहे, म्हणूनच तो नटापेक्षा चित्रातून दाखवणं योग्य, अशी साकोंची बाजू होती. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले राम मोहन त्यांच्यासोबत उभे राहिले. 1993 च्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तो चित्रपट दाखवला गेला, पुढे टीव्हीवर एका पिढीने तो पाठ केला, आणि जानेवारी 2025 मध्ये तो देशभर थिएटरांत पुन्हा लागला तेव्हा तीच पिढी स्वतःच्या मुलांना घेऊन गेली. कार्टूनमुळे रामाची विटंबना होईल म्हणणारे तोवर कुठे गेले होते?

आता दाखवण्याबद्दल, कारण खरा घोळ तिथेच होतो. चित्रपट डीसीपीवर, म्हणजे थिएटरसाठीच्या कुलूपबंद डिजिटल फाइलवर येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरला, ठरावीक तारखा-वेळांपुरतीच चालते. आयत्या वेळी खेळ दुसऱ्या पडद्यावर हलवला तर फाइल समोर असून उघडत नाही, आणि जपानशी साडेतीन तासांचा फरक असल्याने संध्याकाळी तिकडे फोन उचलणारं कोणी नसतं. म्हणून पडदा आधी पक्का करायचा, किल्ली दोन पडद्यांसाठी मागून ठेवायची आणि आदल्या दिवशी पहिली दहा मिनिटं चालवून पाहायची. उजेड मोजायचा: पांढऱ्या पडद्यावर मध्यभागी चौरस मीटरला 48 कँडेला, म्हणजे जुन्या मापात 14 फूट-लँबर्ट, हा मानक आहे. थ्रीडीचा फिल्टर भिंगासमोरून काढायचा राहिला किंवा दिवा म्हातारा झाला असेल, तर याच्या निम्म्याहूनही खाली येतो. नटांच्या चित्रपटात हे खपून जातं, डोळा भरपाई करतो. जलरंगाच्या फिकट पार्श्वभूमीत खपत नाही. आकाश मळकट होतं, कोपऱ्यात विरणारी रेषा दिसेनाशी होते आणि प्रेक्षक म्हणतो, चित्रं साधीच होती की. आवाजाचंही तसंच. तक्रारी नकोत म्हणून आवाज यंत्रावरच्या मानक 7 ऐवजी साडेचार-पाचवर आणून ठेवतात. मग सायरनआधीचे रातकिडे एसीच्या घरघरीत बुडतात.

उपशीर्षकं हा तर स्वतंत्र विषय. डीसीपीत बहुधा इंग्रजी असतात. मराठी हवी तर पडद्याखाली वेगळी पट्टी लावून सोडावी लागतात. अडीच तासांच्या आतल्या नाट्यात हजार-बाराशे उपशीर्षकं सहज होतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीला 32 ते 36 अक्षरं, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं येतात, म्हणून ओळींमधलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. भाषांतर इंग्रजीवरून केलं की सासू, नणंद, नवरा सगळे सुझूशी एकाच सुरात बोलू लागतात; जपानीवरून करणारा माणूस पुण्यात-मुंबईत मिळतो, त्याला महिनाभर आधी आणि रीतसर पैसे देऊन सांगावं लागतं. आणि पाट्या, पत्रं, रेशनच्या यादीवरचा मजकूर यांची उपशीर्षकं गाळायची नाहीत. ‘समुद्रापलीकडून आलेला तांदूळ’ हे वाक्य गुळगुळीत झालं, तर वर ज्या राजकीय आक्षेपावर आपण एवढं भांडलो त्याचं उत्तरच पडद्यावरून पुसलं जातं. मुलांसाठी मराठी डबिंग जरूर व्हावं, पण ते वेगळं काम आहे. सुझूचा हिरोशिमाकडचा संथ, बोली हेल हा अभिनयाचा निम्मा भाग आहे. नटांच्या चित्रपटात नटाचा आवाज काढून टाकायला आपण महोत्सवात परवानगी देऊ का?

शेवटचा घोळ वेळेचा. महोत्सवात दोन खेळांमध्ये वीस मिनिटं ठेवतात, ओळख करून देणारा दहा मिनिटं बोलतो आणि उशीर झाला की प्रोजेक्शनवाला नावं सुरू होताच दिवे लावतो. या चित्रपटात वर्गणीदारांची नावं सरकत असताना लिपस्टिकने काढलेल्या चित्रांतून रिन या कुरेच्या वेश्यावस्तीतल्या मुलीची कथा सांगितली जाते. मुख्य चित्रपटात ती जेमतेम भेटलेली असते. 2019 च्या 168 मिनिटांच्या विस्तारित आवृत्तीत तिला पुरता वाव मिळाला, पण 129 मिनिटांच्या आवृत्तीत तिचं जे काही आहे ते इथेच आहे. म्हणून खेळाला दोन तास नव्हे, अडीच तासांची जागा धरायची, ओळख तीन मिनिटांत उरकायची, चर्चा सभागृहाबाहेर ठेवायची आणि प्रोजेक्शनवाल्याच्या कागदावर लिहून द्यायचं: 129 मिनिटं, दिवे शेवटच्या फ्रेमनंतर.